बुंदीच्या पायातलं कुसळ



पाठशाळेत दर वर्षी एक रविवार मी अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांसाठी ठेवते. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात ते आले आहेत. बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. मुलांना मी सोप्या भाषेत सांगते: जिवाला बांधून अडकवून ठेवायचं नाही, मारायचं नाही, त्याचे अवयव कापायचे-टोचायचे नाहीत, त्याच्या ताकदीबाहेरचं ओझं लादायचं नाही आणि त्याचं खाणं-पिणं रोखायचं नाही. मुलं पाठ करतात, बोटांवर मोजून दाखवतात. उदाहरण म्हणून मी नेहमी बैलगाडी सांगत आले. आता पुण्यातल्या मुलांनी बैलगाडी कुठे पाहिलेली असणार? पण माझ्या लहानपणी सांगलीकडे आम्हाला हेच उदाहरण सांगितलं होतं, तेच मी पुढे चालवलं.

या वर्षी बैलगाडी सांगितली नाही. बुंदीची गोष्ट सांगितली. तीच आज तुम्हालाही सांगते. सांगताना थोडी लाज वाटते आहे, पण लिहून टाकलेलं बरं.

बुंदी ही आमच्या घरची कुत्री. 2020 च्या टाळेबंदीत सोसायटीच्या वाहनतळाखाली सापडलेलं पिल्लू सूनबाईंनी उचलून आणलं. पांढऱ्या अंगावर पिवळे-तपकिरी ठिपके, म्हणून नातवानं नाव ठेवलं बुंदी. मी सुरुवातीला स्पष्ट सांगितलं होतं की देवघरात आणि स्वयंपाकघरात तिनं यायचं नाही. आमच्याकडे मुनी महाराजांच्या आहारासाठी चौका लागतो, शुद्धीचं सगळं पाहावं लागतं. बुंदीनं हे नियम माझ्यापेक्षा चांगले पाळले. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर पुढचे दोन पाय जुळवून बसते, आत पाऊल टाकत नाही.

तिच्या खाण्याचा प्रश्न बऱ्याच जणी विचारतात, म्हणून सांगून ठेवते. डॉक्टरांना विचारून तिचं शाकाहारी खाणं बसवलं आहे. भात, मुगाची डाळ, पनीर, लाल भोपळा आणि डॉक्टरांनी दिलेली पूरक औषधं. मांजराचं असं चालत नाही, कुत्र्याचं नीट लक्ष ठेवलं तर चालतं. एक गंमत मला तेव्हाच कळली. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्ताला अपायकारक असतात. सूनबाई हसून म्हणाली, "आई, बुंदी बरोबर घर शोधून आली." द्राक्षं, मनुका आणि चॉकलेट मात्र आमच्या घरात असतं, ते तिच्यापासून लांब ठेवावं लागतं.

तर एवढं सगळं मी करत होते, पण लांबून. तिचं ताट वेगळं, पाण्याची वाटी वेगळी, तिला फिरवणं मुलाकडे. पाच वर्षांत मी तिच्या अंगावरून हात फिरवला असेल तो मोजक्या वेळा, आणि लगेच हात धुतलेला.

डिसेंबरात नातवाला नाताळची सुटी लागली. त्याला राजगड पाहायचा होता. जुलै 2025 मध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यात राजगड आहे. शाळेत त्यावर काही प्रकल्प होता. मलाही जायचं होतं. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी आम्ही दोघं पाली दरवाजानं गडावर गेलो होतो, तेव्हा मी नऊवारी नेसलेल्या आजेसासूबाईंची परवानगी काढून पंजाबी ड्रेस घातला होता. त्या वाटेच्या रुंद पायऱ्या अजून डोळ्यांसमोर होत्या. यांचे गुडघे आता चालत नाहीत, त्यामुळे हे घरी थांबले. मुलगा, सून, नातू, मी आणि बुंदी असे निघालो. गडावर बुंदीला न्यायचं नाही, दरवाज्यापर्यंत जायचं, तिथं दशम्या खायच्या आणि परत, असं ठरलं.

साडेसहाला निघायचं होतं. पण मंदिरात अभिषेक चुकवायचा नाही हा माझा नियम, त्यामुळे निघायला पावणेआठ झाले. खडकवासल्याच्या पाण्यावर धुकं इतकं दाट होतं की धरणाची भिंत दिसेना. खानापूरवरून डावीकडे वळलो आणि पाबे घाट सुरू झाला. थंडीनं गाडीच्या काचा आतून धूसर होत होत्या, मी रुमालानं पुसत होते. दोन-चार वळणं झाली आणि बुंदीला मळमळायला लागलं. गाडी बाजूला घेतली, तिला उतरवलं, तिचं पोट मोकळं झालं. खिंडीत पोचेपर्यंत ऊन वर आलं होतं आणि धुकं खाली दरीत राहिलं होतं. तिथून एकीकडे तोरणा दिसतो आणि एकीकडे राजगड. नातू गाडीतून उडी मारून बाहेर पडला. खरं सांगते, त्या क्षणी मला माझं वय आठवलं नाही.

घाट उतरून पाबे, मग कानंद नदी ओलांडून पालीकडे. या भागाला वेल्हे तालुका म्हणायची सवय आहे, आता त्याचं नाव राजगड तालुका झालं आहे. पालीत गाडी लावली तेव्हा सव्वादहा वाजले होते.

इथे माझ्यातली बी.कॉम. जागी झाली. मी रात्रिभोजन करत नाही हे तुम्हाला माहीत आहेच. तुमच्यापैकी बहुतेकींचंही तेच. सूर्यास्ताच्या दोन घटका आधी, म्हणजे 48 मिनिटं आधी, माझं ताट आवरलेलं असतं. डिसेंबरच्या शेवटी पुण्यात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. म्हणजे सव्वापाच ही माझी हद्द. संध्याकाळचा डबा गाडीत होता. चढायला तीन तास, म्हणजे दीड. खायला आणि बसायला अर्धा तास, म्हणजे दोन. उतरायला अडीच तास, म्हणजे साडेचार. हातात पाऊण तास शिल्लक. हिशेब जमत होता, पण वाटेत फार रेंगाळून चालणार नव्हतं. मी सगळ्यांना तसं बजावलं. आणि मुलाला नातवाकडे लक्ष देता यावं म्हणून बुंदीचा पट्टा आपणहून माझ्या हातात घेतला. पाच वर्षांत पहिल्यांदा.

पालीची वाट राजगडावर जाणाऱ्या वाटांत सोपी मानतात. शिवाजी महाराजांच्या काळातला हा राजमार्ग. महाराजांनी मुरुंबदेवाच्या डोंगरावर हा गड बांधला आणि राजधानी रायगडावर जाईपर्यंत स्वराज्याचा कारभार इथून चालला. सईबाईंचं निधन इथेच झालं, 5 सप्टेंबर 1659 ला. राजाराम महाराजांचा जन्मही इथलाच, 1670 चा. हे सगळं मी नातवाला चढता चढता सांगत होते, निदान श्वास पुरत होता तोवर.

पावसाळ्यात हिरवं असणारं डोंगराचं अंग डिसेंबरात पिवळं झालेलं असतं. गवत वाळून गुडघ्याएवढं उभं होतं आणि त्याची कुसळं सगळीकडे. ज्यांनी शेतात काम केलं आहे त्यांना कुसळ सांगायला नको. गवताच्या बोंडाचं टोकदार सुईसारखं बी, त्याला मागे बारीक केस. एकदा कापडात शिरलं की पुढेच सरकतं, मागे येत नाही.

तासाभरानं पहिल्यांदा टेकलो. एका करवंदीच्या जाळीच्या सावलीत मी बसले आणि पाहते तर माझे मोजे आणि सलवारीच्या कडा कुसळांनी भरलेल्या. घोट्याला टोचत होतं. मी चष्मा लावला आणि एकेक कुसळ चिमटीत धरून काढत बसले. दहा मिनिटं तरी गेली असतील. एकही ठेवलं नाही.

बुंदी माझ्या शेजारी बसून पुढचा उजवा पाय चाटत होती.

ते मला दिसत होतं, मैत्रिणींनो. हे मी मुद्दाम लिहिते आहे. दिसलं नाही असं नव्हतं. मनात आलं, चाटते आहे, कुत्री चाटतातच. घड्याळात पावणेबारा झाले होते आणि आम्ही हिशेबाच्या मागे होतो.

पुढचा चढ अंगावर येणारा आहे. बुंदी मध्येच तीन पायांवर चालायची, मध्येच चार. सूनबाई पुढून म्हणाली, "आई, ती लंगडतेय का?" मी म्हटलं, "दगड टोचला असेल, चालेल." आणखी वर कातळातल्या पायऱ्या आणि आधाराला लोखंडी कठडे लागले. वर दरवाज्याचे बुरूज दिसायला लागले होते. ऊन डोक्यावर, कातळ तापलेला. थंडी फक्त सावलीत उरली होती. बुंदी थांबली. मी पट्टा ओढला. ती चार पायऱ्या चढली आणि पुन्हा थांबली. मी पुन्हा ओढला आणि म्हटलं, "चल गं, दहा मिनिटं राहिली."

तिसऱ्यांदा ती थांबली नाही, पडलीच. कुशीवर. जीभ बाहेर, पोट भात्यासारखं हलत होतं, आणि पायरीवर रक्ताचा एक ठसा होता. त्याच्या खालच्या पायरीवर दुसरा. मी वळून खाली पाहिलं तर मला मोजता येतील इतके ठसे होते.

मुलगा आणि नातू बरेच पुढे गेले होते. सूनबाईनं हाक मारली, तोवर मी एकटीच तिच्याजवळ होते. मला काय सुचावं? मी तिच्या कानाशी वाकले आणि णमोकार म्हणायला लागले.

तुमच्यापैकी ज्यांनी जीवंधरकुमारांची कथा ऐकली आहे त्यांना कळेल मला ते का सुचलं. वादीभसिंह आचार्यांच्या क्षत्रचूडामणीत ती आहे. यज्ञातलं अन्न शिवलं म्हणून लोकांनी एका कुत्र्याला मारलं. तो वाचणार नाही हे पाहून जीवंधरांनी त्याच्या कानात णमोकार मंत्र सांगितला आणि तो कुत्रा मरून यक्ष झाला, पुढे त्यांच्या संकटांत धावून आला. ही कथा मी पाठशाळेत किती तरी वेळा रंगवून सांगितली आहे.

दुसऱ्यांदा "णमो अरिहंताणं" म्हणताना मी अडखळले. ती मरत नव्हती. ती तहानलेली होती. जीवंधरांच्या हातात त्या वेळी करण्यासारखं दुसरं काही उरलं नव्हतं, म्हणून त्यांनी मंत्र दिला. माझ्या खांद्याला लिटरभर उकळलेलं पाणी लटकत होतं. पालीतून निघाल्यापासून तीन तास होत आले होते. मी स्वतः चार वेळा प्यायले होते. तिची वाटी मुलाच्या पाठपिशवीत होती, ती मागून घेण्यात वेळ जाईल म्हणून मी तिला एकदाही पाणी विचारलं नव्हतं.

वाटी अजूनही वरच होती. मी माझ्या डब्याचं झाकण काढलं. हा माझा प्रवासाचा डबा, माझ्याशिवाय कोणी त्यात खात नाही. त्यात पाणी ओतून तिच्या तोंडाशी धरलं. तिनं आडवं पडूनच जिभेनं पाणी घेतलं. झाकण रिकामं झालं, पुन्हा भरलं, पुन्हा रिकामं झालं. बाटली संपेपर्यंत. मग तिनं ओल्या तोंडानं माझा हात चाटला. तो मी धुतला नाही. धुवायला पाणीच नव्हतं, हेही खरं.

मुलगा धावत खाली आला. दरवाजा तिथून अगदी जवळ होता. नातू म्हणाला, "आजी, मी पळत जाऊन हात लावून येऊ?" मुलानं त्याला जाऊ दिलं. मी पायरीवर बसून राहिले. चाळीस वर्षांपूर्वी पाहिलेला दरवाजा डोळ्यांसमोर होता, पण उठावंसं वाटलं नाही.

दशम्या तिथेच पायऱ्यांवर खाल्ल्या. एक बुंदीला दिली, तिनं अर्धी खाल्ली. पायाला माझी ओढणी फाडून बांधली. मग मुलानं तिला खांद्यावर घेतलं. चौदा किलोचं जनावर उतारावर घेऊन चालणं सोपं नाही. दर शे-दोनशे पावलांवर थांबावं लागत होतं. सूनबाई पुढे राहून पाय कुठे ठेवायचा ते सांगत होती. माझे दोन तास-अडीच तास केव्हाच मागे पडले.

डोंगराच्या खालच्या अंगाला एक बाई वैरणीसाठी गवत कापत होत्या. माझ्याच वयाच्या असतील. डोक्याला पदर घट्ट बांधलेला. आम्हाला पाहून त्यांनी विळा खाली ठेवला.

"काय झालं कुत्रीला?"

"पाय कापलाय हो दगडानं," मी म्हटलं.

त्यांनी ओढणी सोडली, बुंदीचा पंजा हातात घेतला, बोटं फाकवली आणि क्षणभर उन्हाकडे धरून पाहिलं. "दगडानं न्हाय. कुसाळ गेलंया आत. ह्ये बघा." दोन बोटांच्या मधल्या मऊ कातडीत एक काळा ठिपका होता. बाकीचं आत. त्यांनी नखांनी ते टोक पकडलं आणि हळू ओढलं. बुंदी कळवळली, पण चावली नाही. बाहेर आलं ते जवळजवळ माझ्या नखाएवढं लांब होतं. दुसऱ्या बोटापाशी आणखी एक निघालं. त्या पायावर भार येऊ नये म्हणून ती बाकीचे पाय वाकडे टाकत चढली आणि तापल्या कातळावर त्यांची कातडी सोलवटली, ते रक्त वेगळं.

"मगाधरनं पाय उचलून चालत आसंल की ही," त्या म्हणाल्या. "तुमाला दिसलं न्हाय का, ताई?"

त्यांनी टोमणा मारला नव्हता, साधं विचारलं होतं. मी "नाही" म्हणाले. मैत्रिणींनो, त्या दिवशी सत्याणुव्रतही गेलं.

पालीत पोचलो तेव्हा साडेपाच होऊन गेले होते. सव्वापाचची हद्द ओलांडली होती. त्या बाईंचं घर वाटेवरच होतं. त्यांनी अंगणात पोतं टाकलं, बुंदीला त्यावर ठेवलं, हळद कालवून आणली आणि आम्हाला चहा-भाकरीचा आग्रह सुरू केला. मी माझा नियम सांगितला. त्यांनी तो लगेच मान्य केला, त्यांच्याही घरात कोणी ना कोणी उपासाचं असतंच. "मग पानी तरी घ्या, दिस हाय अजून." मी घुटमळले. त्यांनी घरात नेऊन हंडा दाखवला. तोंडाला पांढरं स्वच्छ फडकं बांधलेलं होतं. "गाळल्याबिगर आमी बी न्हाय पीत." सूर्य तोरण्याच्या बाजूच्या डोंगरांकडे कलला होता, पण होता. मी तांब्याभर पाणी प्यायले. त्या पाण्याची चव अजून लक्षात आहे.

रात्री परतताना नको तो घाट म्हणून आम्ही नसरापूरकडून महामार्गानं आलो. बुंदी मागच्या सीटवर माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. माझा संध्याकाळचा डबा पायाशी तसाच होता. सूनबाईला वाईट वाटत होतं, "आई, तुमचं जेवण राहिलं." मी काही बोलले नाही, पण मनात हिशेब चालू होता. अष्टमी-चतुर्दशीला मी दिवसाचं जेवण आनंदानं सोडते. दशलक्षण पर्वात सोडते. ते एक ताट, जे मी वर्षातून कितीदा तरी स्वतःहून सोडते, ते त्या दिवशी वाचवण्यासाठी मी एका मुक्या जिवाला रक्त येईपर्यंत ओढलं होतं. नियम माझा होता. त्याची किंमत तिच्या खात्यावर टाकली होती. आणि सव्वापाचचं गणित बिघडलं होतं ते मुळात मी सकाळी उशिरा निघाले म्हणून.

नियम चुकीचा होता असं मला म्हणायचं नाही. तो मी आजही पाळते, उद्याही पाळीन. रात्रिभोजनाचा त्याग हा मुळात जिवांच्या रक्षणासाठीच सांगितला आहे. म्हणूनच मला जास्त लागलं. न दिसणाऱ्या जिवांसाठी मी घड्याळ लावून चालले होते आणि दिसणारा जीव पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला होता.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तिचे चारही पंजे तपासले, जखमा धुतल्या. त्यांनी सांगितलं की कुसळ आत राहिलं असतं तर पुढे सरकत गेलं असतं आणि गळू झालं असतं. आठवडाभरानं ती नीट चालायला लागली. तुमच्याकडे कुत्रं असेल आणि हिवाळ्यात डोंगराकडे जाणार असाल तर एवढं कराच: दर तासाला थांबून पंजाच्या बोटांमध्ये, कानात आणि काखेत कुसळं पाहा, छोटा चिमटा जवळ ठेवा, पाण्याची वाटी ज्याच्या हातात पट्टा आहे त्याच्याकडेच असू द्या, आणि उन्हं तापायच्या आत चढ संपेल अशा वेळी निघा. अभिषेक आदल्या दिवशी करून किंवा पहाटे लवकर आटोपून निघता येतं. मला ते तेव्हा सुचलं नाही.

आता पाठशाळेची गोष्ट. मुलांनी सगळं निमूट ऐकलं. मग पुढच्या रांगेतली एक चुणचुणीत मुलगी म्हणाली, "आजी, पण तुम्ही तर तिला मारलं नाही. मग यात अतिचार कुठला?"

मी म्हटलं, आपण मोजू. फळ्यावर पाचही लिहिले. मुलांनीच सांगितलं. पट्टा ओढला, ती थांबायला बघत होती तरी थांबू दिलं नाही: बंध. दुखऱ्या पायानं गड चढायला लावला: अतिभारारोपण. तीन तास पाणी दिलं नाही: अन्नपाननिरोध. पाचांपैकी तीन. दिवसाची सुरुवात अभिषेकानं झालेली, मनात राग नाही, द्वेष नाही, हातात काठी नाही. इतकी वर्षं मी हा पाठ शिकवला आणि प्रत्येक वेळी मला वाटत होतं की हे अतिचार म्हणजे दुष्ट माणसांची यादी आहे. घाईत असलेल्या भल्या माणसांकडून ते जास्त होत असतील असं कधी डोक्यात आलं नव्हतं.

दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं आणि आपल्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही, अशी आपल्याकडे म्हण आहे. माझं उलट झालं. माझ्या मोज्यातली कुसळं मी चष्मा लावून काढली आणि शेजारच्या जिवाच्या पायातलं मात्र राहून गेलं.

समंतभद्र आचार्यांनी रत्नकरंडक श्रावकाचारात म्हटलं आहे की धर्मानं कुत्राही देव होतो आणि पापानं देवही कुत्रा होतो. याचा पहिला भाग मी नेहमी सांगायचे, बुंदीकडे बघून कौतुकानं. दुसरा भाग माझ्यासाठी आहे हे आता कळलं.

घरी काही फार बदललेलं नाही. बुंदी अजूनही स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेरच बसते. चौका लागतो तेव्हा ती सूनबाईच्या खोलीत असते. फक्त संध्याकाळी ती फिरून आली की सामायिकाला बसायच्या आधी मी चष्मा लावते आणि तिचे चारही पंजे बोटं फाकवून पाहते. सोसायटीच्या बागेत कुसळं नसतात हे मला माहीत आहे. तरी पाहते. डब्याचं ते झाकण आता तिचं झालं आहे. डब्याला मी नवीन झाकण आणलं, ते थोडं सैल बसतं.